तेल-इंजिन सुरू होत नाही तेव्हा : दोष शोधण्याची क्रमवार रीत

गव्हाच्या पिकास पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटण्याच्या सुमारास, जी पाण्याची पाळी द्यावयाची असते ती चुकली तर मागाहून दिलेल्या पाण्याने ती उणीव पूर्णपणे भरून निघत नाही. हरभऱ्यास घाटे भरताना व कांद्यास कंद पोसताना पाण्याची अशीच निकड असते. नेमक्या अशा दिवशी विहिरीवरील इंजिन सुरू झाले नाही म्हणजे शेतकऱ्याचा धीर सुटतो. मग एकतर अंगातील बळ संपेपर्यंत हँडल फिरविले जाते, किंवा पाना हाती घेऊन जो नट समोर दिसेल तो सैल केला जातो. पहिल्या प्रकाराने केवळ श्रम वाया जातात. दुसऱ्याने मात्र थोडक्या वेळात दूर होण्यासारख्या दोषातून मोठी दुरुस्ती उद्भवते.

वस्तुतः सुरू न होणाऱ्या इंजिनातील बहुतेक दोष साधे असतात व ते बाहेरूनच ओळखता येतात. त्यासाठी यंत्रशास्त्राच्या मोठ्या ज्ञानापेक्षा क्रमाची आवश्यकता अधिक आहे. सोप्याकडून अवघडाकडे जावे, एका वेळी एकच गोष्ट तपासावी आणि जे बिघडलेले नाही ते उघडू नये, हा त्या क्रमाचा गाभा होय.

विजेचे पंप आता पुष्कळ ठिकाणी आहेत व २०१९ मध्ये सुरू झालेल्या कुसुम योजनेपासून सौर पंपही वाढले आहेत. तथापि नदीनाल्याच्या काठी, दूरच्या वावरात अथवा वीज खंडित झाली असता डिझेल इंजिनावरच भिस्त ठेवावी लागते. वर्षातून थोडेच दिवस वापरले जाणारे असे इंजिन पडून राहिल्यामुळे ऐन गरजेच्या वेळी अडून बसण्याचा संभव अधिक असतो. सबब पुढील माहिती प्रत्येक इंजिनधारकास व गावपातळीवरील कार्यकर्त्यास असणे इष्ट आहे.

इंजिन पेट कसा घेते

मोटारसायकलीच्या पेट्रोल इंजिनात प्लगच्या ठिणगीने इंधन पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन वर जाताना सिलिंडरमधील हवा मूळच्या सुमारे सोळाव्या ते अठराव्या हिश्शात दाबली जाते. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे टोक तापते, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. तीच क्रिया येथे फार मोठ्या प्रमाणावर होऊन हवेचे उष्णतामान ५०० अंश सेल्सियसच्या पुढे जाते. अशा तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा सुटला की ते आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे या तत्त्वावरील इंजिन १८९७ साली ऑग्सबर्ग येथे यशस्वी झाले. विहिरीवरील लहान इंजिनही त्याच तत्त्वावर चालते.

यावरून सुरू होण्यासाठी इंजिनास तीनच गोष्टी लागतात, हे ध्यानात येईल :

(१) योग्य वेळी, फवाऱ्याच्या रूपाने मिळणारे स्वच्छ डिझेल.
(२) हवा तापण्याइतका दाब, म्हणजेच कॉम्प्रेशन.
(३) तो दाब गळून जाण्यापूर्वी पिस्टन वर नेणारा पुरेसा वेग.

इंजिन सुरू होत नाही याचा अर्थ या तिहींपैकी एक गोष्ट कमी आहे. ती कोणती, एवढेच शोधावयाचे असते.

हँडल मारण्यापूर्वीची पाहणी

पुढील गोष्टी पाना न उचलता पाहाव्या. पुष्कळदा दोष येथेच सापडतो.

(१) टाकीत डिझेल आहे काय व टाकीची चावी उघडी आहे काय, हे पाहावे. टाकीच्या झाकणातील बारीक भोक मोकळे असावे. ते चिखलाने बुजले असल्यास डिझेल खाली उतरत नाही. इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालून बंद पडते व झाकण उघडून लावल्यावर पुन्हा चालू होते, असे घडत असेल तर दोष बहुधा या भोकाचा असतो.

(२) इंजिन बंद करण्याची दांडी 'बंद' स्थितीतच राहिलेली नाही ना, हे पाहावे. ती हाताने मागेपुढे सरकवून पाहावी. इंजिन फार दिवस पडून असल्यास फ्युएल पंपाची रॅक चिकटून बसते व दांडी सरकवूनही डिझेल सुटत नाही.

(३) क्रँककेसमधील वंगण पट्टीवरील दोन खुणांच्या दरम्यान असावे. वंगण दुधाळ दिसत असल्यास त्यात पाणी गेले आहे असे समजावे व इंजिन फिरवू नये.

(४) एअर क्लीनर व सायलेन्सरची तोंडे पाहावी. पडून राहिलेल्या इंजिनाच्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते, उंदीर काड्या भरतात. पावसाळ्यात सायलेन्सरवर डबा उपडा घातला नसेल तर पाणी सरळ आत उतरते.

(५) पाण्याच्या पंपाचा पट्टा काढून ठेवावा. इंजिन अडले आहे की पंप जाम झाला आहे, हे त्याशिवाय कळत नाही.

यानंतर डिकॉम्प्रेशनची दांडी, म्हणजे हेडवरील झडप उचलून धरणारी दांडी, वर करून इंजिन हाताने सावकाश फिरवावे. ते मोकळेपणाने फिरले पाहिजे. मध्येच टणक अडथळा लागल्यास जोर करू नये. सिलिंडरमध्ये पाणी साचले असल्यास ते दाबले जात नाही, व बळजबरी केल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो.

धूर काय सांगतो

आता हँडल जोराने मारून दांडी सोडावी व दुसऱ्या माणसाने सायलेन्सरच्या तोंडाकडे लक्ष ठेवावे. पुढील तपासणी कोणत्या दिशेने करावी, हे या एका परीक्षेने ठरते.

धूर मुळीच न आल्यास डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी हेड किंवा झडपा उघडणे व्यर्थ होय. दोष टाकी ते नोझल या वाटेवर शोधावा.

पांढरट धूर येऊनही इंजिन पेट घेत नसल्यास डिझेल पोहोचते, परंतु जळत नाही. कॉम्प्रेशन कमी असणे, इंजिन फार गार असणे, डिझेलमध्ये पाणी असणे किंवा नोझलचा फवारा न होता धार पडणे, ही त्याची कारणे होत.

एकदोन ठोके पडून काळा धूर येत असल्यास डिझेलच्या मानाने हवा कमी पडते. एअर क्लीनर काढून साफ करावा.

डिझेल पोहोचत नसल्यास : हवा काढणे

डिझेलच्या नळीत शिरलेली हवा हे इंजिन सुरू न होण्याचे फार नेहमीचे कारण आहे. गावोगावी यास इंजिनाने 'एअर घेतली' असे म्हणतात. सुमारे १५०० फेऱ्यांच्या ५ अश्वशक्तीच्या इंजिनात नोझल मिनिटास ७५० वेळा उडते व प्रत्येक वेळी अर्ध्या थेंबाइतकेच डिझेल आत जाते. फ्युएल पंप हे डिझेल मोठ्या दाबाने ढकलतो. कित्येक इंजिनांत सुमारे २०० किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर दाब आल्यावर नोझल उघडते. डिझेल जवळजवळ दाबले जात नाही म्हणून हा दाब तयार होतो. मध्ये हवेचा बुडबुडा असला तर तोच स्पंजासारखा दबतो व पुन्हा फुगतो; नोझल उघडत नाही. टाकी पूर्ण रिकामी होईपर्यंत इंजिन चालविल्यास, फिल्टर बदलल्यास किंवा नळीचा सांधा सैल झाल्यास हवा आत शिरते.

हवा काढताना टाकीकडून नोझलकडे जावे. हा क्रम उलटवू नये.

(१) टाकी निम्म्याहून अधिक भरावी व चावी उघडावी. सर्व सांधे बाहेरून पुसून घ्यावे.

(२) फिल्टरवरील हवेचा स्क्रू दोन-तीन आटे सैल करावा. प्रथम फेस व बुडबुडे येतील. अखंड, स्वच्छ डिझेल वाहू लागले म्हणजे ते वाहत असतानाच स्क्रू आवळावा. येथे डिझेल येतच नसेल तर टाकीची जाळी, चावी किंवा फिल्टर तुंबला आहे.

(३) फ्युएल पंपावरील हवेच्या स्क्रूबाबत हीच कृती करावी. फिल्टरपर्यंत डिझेल येऊन पंपाशी न आल्यास मधली नळी तपासावी.

(४) नोझलकडील जाड नळीचा नट अर्धा ते एक आटा सैल करावा. डिकॉम्प्रेशनची दांडी वर ठेवून इंजिन फिरवीत राहावे. बुडबुडे संपून प्रत्येक दोन फेऱ्यांस एकदा डिझेल उसळू लागले म्हणजे नट आवळावा.

(५) पुन्हा सावकाश फिरवून कान द्यावा. नोझल उडताना 'कर्र' असा बारीक आवाज येतो. तो आवाज आला म्हणजे डिझेलची वाट मोकळी झाली असे समजावे.

हवा काढूनही दुसऱ्या दिवशी तीच तक्रार उद्भवल्यास कोठे तरी सांधा हवा ओढत आहे. तांब्याचे वॉशर दबून सपाट झाले असल्यास बदलावे. त्यांच्या जागी सुतळी, साबण किंवा चिंधी भरू नये. तिचे तंतू नोझलपर्यंत जाऊन भोके बुजवितात.

वरील सर्व करूनही सैल केलेल्या नटाशी डिझेल उसळत नसेल तर दोष फ्युएल पंपात आहे. पंप शेतात खोलू नये. त्यातील दांडी व नळी यांच्यामधील फट अवघी दोन-चार मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-चार पट असते. वाऱ्याने उडालेला एक धूलिकण ती जागा खरवडण्यास पुरेसा आहे. पंप त्याच्या कारागिराकडेच न्यावा.

नोझलची परीक्षा

डिझेल नटाशी उसळते, पण पांढरा धूर येऊन इंजिन पेटत नाही, अशा वेळी नोझल काढून ते त्याच जाड नळीस बाहेरच्या बाजूस जोडावे व इंजिन फिरवावे. चांगल्या नोझलमधून धुक्यासारखा फवारा सुटतो व शेवटी टोकाशी थेंब लोंबत नाही. पिचकारीसारखी धार पडणे, फवारा एका अंगास जाणे किंवा थेंब गळणे ही बिघाडाची लक्षणे होत. टोकावरील काजळी डिझेलमध्ये भिजवून मऊ लाकडाच्या काडीने काढावी. खिळा किंवा पॉलिश कागद वापरू नये.

या परीक्षेत फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नये. फवाऱ्याचा दाब एवढा असतो की डिझेल कातडी भेदून आत शिरते. वरून सुईच्या टोचण्याएवढीच खूण दिसते व दुखतही फारसे नाही; तथापि आत मांस सडू लागून बोट किंवा हात गमवावा लागण्याचा धोका असतो. असे घडल्यास घरगुती उपाय करीत न बसता तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे व 'डिझेल दाबाने आत गेले आहे' असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

दाब कमी असल्यास

डिकॉम्प्रेशनची दांडी खाली ठेवून फ्लायव्हील हाताने सावकाश दाबाच्या जागेपर्यंत आणावे. दाब चांगला असल्यास चाक उसळून मागे येते. ते सहज पुढे निघून जात असेल तर दाब गळतो आहे. कोठून गळतो, हे कानाने ओळखता येते :

(१) एअर क्लीनरकडून फुसफुस ऐकू आल्यास हवा घेणारी झडप, व सायलेन्सरकडून आल्यास धूर सोडणारी झडप नीट बसत नाही. प्रथम टॅपेटमधील फट पाहावी. फट मुळीच नसल्यास झडप कायमची किंचित उघडी राहते. इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाप्रमाणे, इंजिन थंड असताना, फीलर गेजने ती बसवावी. डिकॉम्प्रेशनची दांडी पूर्ण खाली बसते की नाही, हेही पाहावे.

(२) हेडच्या सांध्याभोवती साबणाचे पाणी लावून इंजिन दाबावर आणल्यास, गॅस्केट फुटले असेल तेथे बुडबुडे येतात.

(३) क्रँककेसच्या श्वासनळीतून हवा जोराने येत असल्यास पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत किंवा काजळीने चिकटल्या आहेत. खात्रीसाठी हवा घेण्याच्या वाटेने चहाचा एक चमचाभर वंगण आत सोडून इंजिन दोन-चार वेळा फिरवावे. दाब तेवढ्यापुरता वाढल्यास दोष रिंगांचा समजावा. चमचाभरापेक्षा अधिक वंगण कदापि सोडू नये.

टॅपेटची फट शेतकऱ्यास स्वतः बसविता येते. झडपा घासणे, गॅस्केट वा रिंगा बदलणे ही कामे मिस्त्रीची होत. परंतु कोणते काम करावयाचे आहे, हे आधी ठरलेले असल्यास सगळे इंजिन खोलण्याचा खर्च वाचतो.

वेग व थंडी

डिसेंबर-जानेवारीत पहाटे वंगण घट्ट होते, इंजिन जड फिरते व दाबलेल्या हवेची उष्णता थंड लोखंडच शोषून घेते. अशा वेळी पाणी भरून थंड केल्या जाणाऱ्या इंजिनाच्या हेडमध्ये कढत नव्हे, तर सोसवेल इतके गरम पाणी घालावे. डिकॉम्प्रेशनची दांडी वर ठेवून वीस-पंचवीस फेऱ्या द्याव्या, म्हणजे वंगण सर्वत्र पसरते. नंतर वेग पूर्ण आल्यावरच दांडी सोडावी. वंगण पुस्तिकेत सांगितलेल्या क्रमांकाचेच असावे. हवेच्या वाटेशी पेटता बोळा धरणे किंवा पेट्रोल ओतणे हे प्रकार जिवावर बेतणारे आहेत. ते करू नयेत.

हँडल मारताना अंगठा इतर बोटांच्या बाजूसच ठेवावा, मुठीभोवती गुंडाळू नये. उपरणे, धोतराचा सोगा वा पदर खोचून घ्यावा. हँडल बसण्याच्या जागी ग्रीस लावावे, म्हणजे इंजिन सुरू होताच ते सुटून येते.

विहिरीत उतरविलेल्या इंजिनाविषयी

पाणी खोल गेल्यामुळे काही शेतकरी इंजिन विहिरीत कठड्यावर उतरवितात. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्यास रंग नाही व वासही नाही. बिघाड पाहण्यासाठी माणूस वरचेवर इंजिन सुरू-बंद करीत आत बसला तर हा वायू त्याच्याभोवती साचतो, तो बेशुद्ध होतो, व त्याला काढण्यास उतरलेला दुसराही तेथेच पडतो. पेटता कंदील सोडून पाहण्याची जुनी परीक्षा या वायूसाठी निरुपयोगी आहे, कारण माणसाचा प्राण घेण्याइतका हा वायू असतानाही कंदील जळत राहतो. सबब इंजिन विहिरीबाहेर काढूनच दुरुस्त करावे, व कोणी आत पडल्यास दोर व मदत आल्यावाचून दुसऱ्याने उतरू नये.

पेट्रोलवरील इंजिने

फवारणीचे पंप, कोळपणीची लहान यंत्रे व मोटारसायकल यांसही हाच क्रम लागू पडतो. फरक एवढाच की फवाऱ्याऐवजी ठिणगी तपासावी लागते. पुष्कळ वेळा किक मारून प्लग काढावा. तो कोरडा असल्यास पेट्रोल येत नाही : चावी, गाळणी व कार्ब्युरेटर पाहावा. तो ओला असल्यास पेट्रोल येते, पण ठिणगी पडत नाही किंवा पेट्रोल अति झाले आहे. मग प्लग पुसून, कोरडा करून, फट पाहून परत बसवावा. इंजिन बंद करण्याचे बटण चुकून दाबलेले राहणे हे तर नित्याचे कारण होय. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या प्रदूषण-मानकांनंतरच्या बहुतेक मोटारसायकलींत कार्ब्युरेटरऐवजी विद्युत-नियंत्रित इंधन यंत्रणा आहे. तिच्यात बॅटरी उतरली असल्यास पेट्रोलही सुटत नाही. म्हणून अशा गाडीत प्रथम बॅटरी पाहावी.

दोष होऊच नये म्हणून

डिझेल पिंपात आणल्यावर किमान एक दिवस निवळू द्यावे व तळाचे चार बोटे डिझेल न घेता वरचे गाळून घ्यावे. काम संपल्यावर संध्याकाळी टाकी भरून ठेवावी. टाकी रिकामी राहिल्यास रात्रीच्या गारव्याने आत दव धरते व ते पाणी पंपाकडे जाते. हंगाम संपला तरी महिन्यातून एकदा इंजिन अर्धा तास चालवावे. सायलेन्सरवर डबा व एअर क्लीनरवर कापड बांधावे, आणि सुरू करण्यापूर्वी ती आठवणीने काढावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वी गावातील इंजिनधारकांना एखाद्या विहिरीवर एकत्र बोलावून हवा काढण्याची कृती प्रत्येकाच्या हातून करवून घ्यावी. ही कृती एकदा स्वतःच्या हाताने केलेला शेतकरी ती सहसा विसरत नाही. तसेच प्रत्येक इंजिनाजवळ एक लहान वही ठेवण्यास सांगावे. वंगण केव्हा बदलले, फिल्टर केव्हा बदलला, मागील वेळी इंजिन कशामुळे अडले व काय केल्याने सुरू झाले, एवढ्या चार नोंदी त्यात असाव्या. इंजिन पुन्हा अडेल तेव्हा ती वही प्रथम उघडावी. पाना त्यानंतर उचलावा.